चाकांवरचा उंबरा

गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटीसाठी थांबायचं नाही, हे माझ्या नवऱ्याने परस्पर ठरवलं. आगरदांड्याला ओहोटी होती. आमची भाड्याची कॅम्परव्हॅन म्हणजे शेगडी, बेसिन, पलंग सगळं पोटात घेतलेलं घरच. मागून फार लांब. बोटीवर चढताना घासेल, भरती येईपर्यंत थांबा, असं जेट्टीवर सांगितलं. लग्नाच्या पंगतीतही ज्याला दम निघत नाही, तो भरतीची वाट काय पाहणार! "तळा गावावरून रस्त्याने जाऊ," म्हणत त्याने गाडी वळवली.

मी मागे आईकडे पाहिलं. त्या रस्त्यावर तिचं माहेर होतं.

आजी गेली तेव्हा मामाने आईला वेळेवर कळवलं नाही. ती पोचली तेव्हा आजीला नेलेलं होतं. तिने दारातूनच धाकट्या भावाला सांगितलं, "या घराचा उंबरा चढनार न्हाय, हितलं पानी पिनार न्हाय." आणि पाळलं. तिची राखी दरवर्षी पोस्टाने जायची, भाऊबीजेला मामाची साडी कुणाच्या तरी हाती यायची. हट्टात दोघंही एकाच माळेचे मणी.

गाव आलं तशी आई जावयाला म्हणाली, "जरा थांबवा. चहा करते." थांबवा कुठे, तर बरोबर मामाच्या अंगणासमोर. चहाची तलफ नेमकी इथेच का आली, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

मामा बाहेर आला. केवढा वाळला होता!

"ताई, ये ना घरात."

"न्हाय." आई गाडीच्या दारात उभी होती. "तूच ये वर."

मामाने चपला खाली काढल्या, पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि आत बाकाच्या कडेला बसला. भाड्याच्या गाडीला एवढा मान आजवर कुणी दिला नसेल.

आईने नळ सोडला, तर नुसती हवा आली. सकाळी नागावच्या मुक्कामात मी भसाभस पाणी सोडून भांडी घासली होती. मामा उठला, विहिरीवरचा पंप सुरू केला आणि पाइप आमच्या टाकीत सोडला. आईची पिण्याची बाटली शेगडीजवळच होती, नागावहून भरलेली. चहापुरतं पाणी होतं तिच्यात. मी ती पुढे सरकवली. आईने नळाखाली पातेलं धरलं.

चहा झाला. तिने कप हातात घेतला खरा, पण पिईना. वर साय धरली.

मामा खाली बघत म्हणाला, "आय गेली आन् माजं डोकंच चालंना. तुला कुठल्या तोंडानं सांगू, ते कळंना. भ्यालो व्हतो, ताई."

"येडा," आई म्हणाली. "मी काय तुला खाल्ला असता?" आणि कप तोंडाला लावला.

मला रडू आवरेना. नवरा खाली उतरून टायर तपासत बसला. टायरला काहीही झालं नव्हतं.

निघताना मामा अंगणात उतरला. आईने दारातूनच आपली बाटली उघडली, नागावचं पाणी खाली जास्वंदीच्या मुळाशी ओतून टाकलं आणि रिकामी बाटली त्याच्यापुढे धरली.

"ही पन भर."

मामा चपला तशाच टाकून विहिरीकडे गेला.