निघण्याआधी बसायचं असतं

जर्सी सिटीत आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत एक पियानो आहे, शोभेसाठी ठेवलेला. तो वाजवणारे एकच, वरच्या मजल्यावरचे एक रशियन काका. मी सकाळी ऑफिसला निघायचे तेव्हा ते ओव्हरकोट घालूनच वाजवत असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. तिकडे ते नावाजलेले संगीतकार होते. युद्धाविरुद्ध बोलले आणि त्यांच्या रचना वाजणं बंद झालं, एवढं डेस्कवरच्या सिक्युरिटीवाल्याकडून कळलं होतं.

वाजवण्याआधी ते हात मांडीवर ठेवून नुसतेच बसत. एकदा मी विचारलं, "प्रार्थना करता का?"

"नाही. आमच्याकडे प्रवासाला निघताना सगळे मिनिटभर गप्प बसतात. मगच दार उघडायचं. म्हणजे माणूस परत येतो." सुजलेली बोटं चोळत ते म्हणाले, "देश सोडताना घाईत बसायचं राहिलं. आता रोज बसतो."

आम्हीही निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, असं मी सांगितलं. तेव्हा ते हसले. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांना स्ट्रेचरवरून खाली आणलं. पियानोजवळ येताच त्यांनी हात वर करून स्टुलाकडे बोट दाखवलं.

"सर, वेळ नाहीये," म्हणत अ‍ॅम्ब्युलन्सवाले त्यांना बाहेर घेऊन गेले. लोक डेस्कवरून आपापली पार्सलं उचलत होते.

मी ऑफिसची ट्रेन सोडून दिली. त्यांच्या स्टुलावर, त्यांच्या वतीनं, हात मांडीवर ठेवून मिनिटभर बसले. पाठीला गार वारा लागत होता. दार केव्हाच उघडलं होतं.