कमळचा गळपट्टा

आता फजितीच सांगायची म्हटल्यावर लाज कशाला धरू? ओता चहा!

बी. ए. होऊन मी पुण्याहून पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा माझ्या मते सबंध घरात जागा असलेला माणूस मी एकटा. बाकी सगळे झोपलेले! त्यात धाकटी बहीण कमळ अंगणात बसून क्रोशाच्या सुईनं जाळीदार गळपट्टा विणत होती. फुंकर मारली तर उडेल इतका हलका. आणि दोरा? विलायती!

"देश पेटलाय, आणि तू गळ्यासाठी फुलं विणतेस?"

"भाऊ, धुळ्याच्या प्रदर्शनात ठेवायचाय. नंबर आला तर आबा मला पुण्याला शिकायला धाडणार आहेत. शब्द दिलाय त्यांनी."

"विलायती दोऱ्याच्या जोरावर शिकणार?" असं म्हणून मी गळपट्टा रिळासकट चुलीत टाकला.

कमळ पांढरी पडली. मग शांतपणे म्हणाली, "तुझं टकळीचं सूत दे. आठ दिवस आहेत, पुन्हा विणते."

"तुझ्या हाताला परकी सवय! सुई आण इकडे."

हसू नका! बायका गप्पा मारता मारता जे करतात, त्याला बी. ए.ची अक्कल जास्तच झाली, असं मला खरोखर वाटत होतं. माझं सूत कुठं केसासारखं, कुठं सुतळीसारखं. पण अस्सल!

"भाऊ, दर फेरीला टाके वाढव. नाहीतर ते आत वळेल."

"टाके मोजत बसणाऱ्यांना स्वराज्य मिळत नसतं!"

वळलं. चांगलं वाटीसारखं वळलं. कबूल कोण करणार? मी ते दाट कांजीत बुडवलं आणि ताणून बसावं म्हणून पालथ्या तपेल्यावर वाळत घातलं. दुपारी काढलं, तर ते आपलं आपण उभं राहिलं! मानेमागे बांधायला दोन्ही बाजूंनी मजबूत बंद लावले. चिठ्ठीवर कमळचं नाव लिहिलं आणि खाली टपोऱ्या अक्षरांत 'संपूर्ण स्वदेशी'. वस्तूचं नाव लिहिणं मला फार क्षुद्र वाटलं.

माल आधी धाडला आणि मागून कमळला घेऊन धुळ्याला गेलो. तिथं स्त्रियांच्या हातकामाचं टेबल पाहिलं. गळपट्टा नाही! कमळच्या डोळ्यांत पाणी. मी भडकलो.

"हातसुताची लाज वाटते तुम्हाला? गुलाम मनोवृत्ती! कुठं दडवलात माल?"

माझं भाषण ऐकायला शंभरेक माणसं जमली. व्यवस्थापक बिचारे म्हणाले, "अहो, दडवला कुठं? त्या मंडपात पहिला नंबर आलाय."

छाती फुगवून, कमळला ओढत, सगळ्या गर्दीसकट मी त्या मंडपात शिरलो. वखर, तिफण, मोट... आणि मधोमध मातीच्या बैलाच्या तोंडावर माझा गळपट्टा! खाली पाटी: 'बैलाचे मुसके. शेती अवजारे, प्रथम क्रमांक.'

एक म्हातारा शेतकरी कौतुकानं बोटं फिरवत होता. "भारी शे भो! बैल कपाशीले तोंड लावाव नही, अन् नाकले वारा बी लागस. कोन्या कारागीरनं काम शे?"

शंभर माणसं माझ्याकडे वळली. कमळ इतकी हसली, इतकी हसली, की तिला तिफणीचा आधार घ्यावा लागला.

घरी आबांनी मुसकं उलटसुलट पाहिलं.

"आबा, हा नंबर चुकीचा—" मी सुरुवात केली.

"नंबर तो नंबर. पोर पुण्याले जाई," आबा म्हणाले. "पवळ्या बैलनं मुसकं व्हयनं. आते हौश्यानं तू कर. जोडीना दुसरा बैल काय उघड्या तोंडनं कपाशीमा जाई?"

कमळ पुण्याला गेली. मी सुई घेऊन बसलो. या खेपेला मात्र शहाणा झालो होतो. एकूण एक टाका मोजला, फेरीफेरीला वाढवला, कांजीसुद्धा पातळ केली.

काय सांगू तुम्हाला! असा सपाट, असा हलका, असा नाजूक गळपट्टा उतरलाय, की हौश्या तो गळ्यात घालून सध्या आमची कपाशी खातोय.