चेंबरवरचा देव

नागपुरात पाण्याच्या अन् गटाराच्या लाइनीवर माझा जन्म गेला. किस्से जमवावे लागत नाहीत. नालीतल्या गाळासारखे साचतात, अन् उपसायला कोणी येत नाही. म्हणून मीच उपसतो.

माझा जोडीदार बाबाराव. शहराचं पाणी काढायचं हे त्याचं काम, अन् दर पावसाळ्यात ते आपल्याच घरात शिरेल ही त्याची धास्ती.

आमच्या भागातला एक जुना व्हॉल्व्ह उलटा फिरतो, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. ऐन उन्हाळ्यात नवा इंजिनिअर पाणी वाढवायला गेला. सगळे व्हॉल्व्ह फिरवतात तसा फिरवला, अन् अख्खी वस्ती कोरडी.

"हे लिहून काहून नाही ठेवलं?" साहेब तापला.

"तुमी विचारलं काहून नाही?" बाबाराव म्हणाला.

*

मग हवामान बदलाचं ट्रेनिंग निघालं. एसी हॉल, पडद्यावर रंगीत नकाशे. मला थंडी वाजली, एवढंच कळलं. साहेबानं विचारलं, काही शंका?

बाबाराव उठला. "साहेब, महिन्याचा पाऊस आता एका सकाळी पडून राहिला. पाइप माह्या आज्याच्या वेळचा. दोघांपैकी ट्रेनिंग कोणाले द्याचं?"

चहा लवकर आला.

*

बाबारावच्या गल्लीत सिमेंट रोड आला. रोड वर, घरं खाली. ठेकेदार पावसाळी नालीच्या चेंबरांवरच सिमेंट ओतत निघाला. बाबारावच्या दारासमोरचं चेंबर बुजलं की पाणी थेट त्याच्या घरात. तो सांगायला गेला.

"काका, बाजूले व्हा," ठेकेदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चेंबरच्या झाकणावर शेंदूर लावलेला दगड! ठेकेदारानं चप्पल काढली, हात जोडले, अन् दारापर्यंतची तेवढी जागा सोडून रोड केला.

"कोणाले सांगू नको गा," बाबाराव मला म्हणाला. "घरी बायकोलेही माहीत नाही."

*

जुलैत एका सकाळी पाऊस असा कोसळला की बाबारावच्या घरात गुडघाभर पाणी. गॅसचं सिलिंडर तरंगत होतं. झाकण उघडल्याशिवाय इलाज नव्हता. आम्ही दोघं झाकण उचकटायची सब्बल घेऊन गेलो, तर दगडाभोवती गल्लीतल्या बाया उभ्या. सगळ्यात पुढे शांतावहिनी, बाबारावची बायको.

"देवाले हात लावून त पाहा."

"अवं, देव नाही तो. मीच शेंदूर लावून ठेवला."

बाया मागे सरल्या. वहिनी त्याच्याकडे पाहतच राहिली.

"हे आधी सांगाले काय झालं होतं? मी याच्यापाशीच नवस बोलली, घरात पाणी येऊ देऊ नको म्हणून."

दगड सरकवला, झाकण उचललं. घंटाभरात घर मोकळं झालं. वहिनीनं दगड धुतला, परत झाकणावर ठेवला अन् नवसाचा नारळ बाबारावच्या हातात दिला.

"फोडा."