खेमराजचे आठ तास

खेमराज गजभियेला स्वस्थ बसणं ठाऊकच नव्हतं. दवनीवाड्यात कुणी त्याला नीट मांडी घालून जेवताना पाहिलं असेल, तर शपथ. हायस्कुलात तो प्रयोगशाळा परिचर. परीक्षानळ्या धुतानाही त्याचा एक पाय दाराकडे असायचा. आणि २०१३ च्या दिवाळीआधी महिनाभर तर त्याच्या पायांना चाकंच लागली होती.

कारण होतं अठरा वर्षांपूर्वीचं. ९५ च्या दिवाळीत सकाळीच सूर्याचा मोठा लचका तुटला, तेव्हा खेमराज शाळेच्या मैदानावर लोकांना ग्रहण दाखवत होता. आणि घरी त्याच्या आईने पोटुशा पार्वताबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, पहाटेपासून अंधाऱ्या खोलीत कोंडलं होतं. पाण्याचा घोट नाही, कूस बदलायची नाही. घराण्याने बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन चाळीस वर्षं होत आली तरी ग्रहण काही घरातून गेलं नव्हतं. तो परतला तेव्हा ती भोवळ येऊन पडलेली. शुद्धीवर आल्यावर एवढंच म्हणाली, "गावाले सूर्य दाखवला. घरचं दार तेवढं उघडाले नाही जमलं."

त्याच दिवशी विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं, ग्रहणांच्या माळा असतात. एका माळेतलं ग्रहण अठरा वर्षं, दहा-अकरा दिवस आणि आठ तासांनी परत येतं. मधली येतात ती दुसऱ्या माळांतली. खेमराजने कपाटाच्या दारावर आतून लिहून टाकलं : ३ नोव्हेंबर २०१३. ९५ ला सकाळी साडेआठला ग्रहण भरात होतं, त्यात आठ तास मिळवले की दुपारचे साडेचार. त्या दिवशी गावातली एकही पोटुशी कोंडली जाता कामा नये, हे त्याने धरूनच ठेवलं.

मधलं ९९ चं ढगांत गेलं, २००९ चं पावसात. पण २०१० च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी भरदुपारी सूर्य कुरतडलेला दिसला, आणि खेमराजने पुठ्ठ्याच्या भोकातून तो अख्ख्या गावाला भिंतीवर दाखवला. तेव्हापासून त्याच्या शब्दाला वजन आलं.

त्या वजनानेच घोळ केला. तो घरोघरी सांगत सुटला, "तीन तारखेले साडेचारले ग्रहण हाये. भिऊ नोका, बायांले बाहेर येऊ द्या." लोकांनी पहिलं वाक्य धरलं, दुसरं सोडलं.

तीन तारखेला सकाळीच शेजारचा केशोराव तणतणत आला. त्याचं धान कापणीला उभं होतं.

"खेमराज, काऊन बे असा वैर काढून राहिला? एक बी बाई कापाले नाही आली. ग्रहणाच्या दिवशी धान कापाचा इरा हाती नाही धरत म्हणते."

"मी त उलटं सांगतलं होतं."

"अरे, पंचांगात सोच्छ लिवलं हाये का आपल्याकडं दिसनार नाही, पाळू नोका. आमी पंचांगवाले पाळून नाही राहिलो, आन तूच पाळाले लावून राहिला!"

"मले पंचांगाचं नोको सांगू," खेमराज म्हणाला आणि अंगणात येरझाऱ्या घालू लागला.

साडेचारला त्याने थोरल्या मुलीला, रश्मीला, बाहेर बोलावलं; ९५ च्या ग्रहणात ती चार वर्षांची होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना. तिच्या हाती वेल्डिंगची काच दिली.

"बाबा, गोल आहे."

"थांब जराशी."

पाच वाजले. "अजूनही गोलच आहे."

रस्त्याने केशोराव चालला होता. "का दिसते, भाऊ? पुरी पोळी का अर्धी?"

सूर्य अख्खाच्या अख्खा मोहाच्या झाडामागे उतरला. रश्मी हळूच म्हणाली, "बाबा, आठ तासांत पृथ्वी किती फिरते?"

त्याने ओट्यावरचा तांब्या उचलला, बोटाने त्यावर दवनीवाडा धरला आणि तांब्या एक तृतीयांश फिरवला. बोट पलीकडे गेलं. ग्रहण वेळेवर येणारच होतं; दवनीवाडा तिथे नव्हता. ते दूर कुठल्या तरी समुद्रावर लागणार होतं आणि इथे सूर्य बुडालेला. इतकी वर्षं त्याने ते आठ तास घड्याळात मिळवले होते.

पार्वताबाई दारात उभी होती. "समजलं ना आता? मंग जा. रुख्माबाईची सून, अल्का, सकाळपासून कोंडली हाये. आनखीन दोन घरी तसंच. तुमी सांगतलं म्हून. माह्या वक्ताले मी एकटीच होती."

खेमराज चपलाही न घालता धावला.

रुख्माबाई कडी लावलेल्या खोलीसमोरच बसली होती.

"काकी, खोला. ग्रहण लागलंच नाही. माही चूक झाली."

"लागलं नाही?" तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग सुटलं कवा?"

"लागलंच नाही त सुटंल कसं?"

"आन सुटल्याबिगर पानी देऊ कसं? तूच लावलं, तूच सांग."

तो पृथ्वी सांगायला लागला, तांब्या सांगायला लागला. म्हातारी मान हलवत राहिली. आतून अल्काचा कोरडा खोकला आला. मग काहीच नाही.

खेमराजने ओठ चावला.

"सुटलं, काकी," तो म्हणाला. "आताच सुटलं. पानी द्या तिले."

कडी निघाल्याचा आवाज ऐकून तो वळला. अजून दोन घरं राहिली होती.