मेनूकार्डावरची पेज

आमच्या घरात बाहेरच्या खाण्याचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात. घर घाटकोपरला, ऑफिस मरोळला, लग्न केलेलं नाही, त्यामुळे सगळा पगार मी खाण्यात उडवते असा आईचा आरोप आहे आणि तो बराचसा खरा आहे. अंधेरीत बरं कोरियन कुठे मिळतं, बोरिवलीत कुठल्या गल्लीत लेबनीज चांगलं करतात, हे मला विचारावं. माझी पारख साधी आहे. इटालियन, मेक्सिकन, थाई आणि पावभाजी एकाच कार्डावर गुण्यागोविंदाने नांदत असतील तर पाणी पिऊन उठायचं. आणि आत कोण जेवतंय ते आधी बघायचं. ज्या देशाचं जेवण आहे त्या देशाचं एखादं माणूस कोपऱ्यात खाली मान घालून खात असेल, तर बिनधास्त बसायचं. हे असलं ज्ञान कधी गरजेच्या वेळी उपयोगी पडेल असं मला स्वतःलाही वाटलं नव्हतं.

बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, घरी आले आणि जेवेनासे झाले. डॉक्टर म्हणाले होते, मऊ खा, थोडं थोडं खा, तिखट सोडून काहीही खा. पण बाबांचं वजन उतरतच राहिलं. सदऱ्याच्या कॉलरमधून मान वेगळीच दिसायला लागली. मग डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुढच्या तपासणीपर्यंत वजन सावरलं नाही तर पुन्हा अ‍ॅडमिट करून नाकातून नळीने अन्न द्यावं लागेल.

आई मालवणकडची. तिच्याकडे या सगळ्यावर एकच औषध, ते म्हणजे पेज. उकड्या तांदळाची, अगदी मऊ शिजवलेली, वर चिमूटभर मीठ. बाबाही तिकडचेच, लहानपणी सकाळी पेज पिऊन शाळेत जाणारे. पण आता वाडगा समोर आला की तोंड फिरवायचे. "माका पेज नको," एवढंच. का नको, ते सांगायचे नाहीत. खिमट करून पाहिलं, आसट भात करून पाहिला, त्यालाही नाही. त्यात भेटायला येणाऱ्या नातेवाइकांचा उत्साह दांडगा. जो येईल तो आईच्या हातातून वाडगा घ्यायचा, पलंगावर बसायचा आणि चमचा पुढे करून म्हणायचा, "माझ्या हातून दोन चमचे घ्या बघू." बाबा ओठ आवळून भिंतीकडे बघत राहायचे. मला त्या सगळ्यांना जिन्यावरून खाली पाठवावंसं वाटायचं.

एकदा मावशीने असाच चमचा पुढे केला तेव्हा बाबा भडकले. म्हणाले, "ही पेज घेवन जा तू. त्यापरास माका हॉटेलात न्हेवा."

सगळे हसले. मी कपाट उघडून त्यांचा शर्ट काढला.

आई म्हणाली, "वेड लागलंय का गं तुला?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाले ना काहीही चालेल. मग चालू दे ना." माझा आपला बाळबोध हिशोब असा होता की सगळं जग काही भाजी-पोळी चावत बसत नाही, कुठे ना कुठे मऊ काहीतरी शिजत असेलच.

पहिला बेत सपशेल फसला. अंधेरी पश्चिमेला एक फार चांगलं थाई मिळतं, नारळाच्या दुधातलं, कमी तिखट करून देतात. नारळ म्हणजे बाबा खूश होणार, या खात्रीने मी त्यांना तिथे घेऊन गेले. त्यांनी एक घास घेतला आणि त्या लिंबाच्या पानाच्या वासाने चमचा खाली ठेवला. "साबण पडलो हा ह्यात," म्हणाले. इटालियन रिसोटोला त्यांनी 'बिघडलेली खिचडी' म्हटलं, आणि त्या दिवशी ती खरंच बिघडलेली होती. एव्हाना आईने माझ्याशी बोलणं कमी केलं होतं. तपासणी जवळ आली होती आणि मी माझ्या जिभेचे लाड बापाच्या जिवावर करते आहे की काय, असं मलाही रात्री वाटायला लागलं होतं.

मग मला मरोळची ती जागा आठवली. ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर एक छोटं चिनी हॉटेल आहे. आपलं लाल शेजवान नव्हे, खरोखरचं चिनी. विमानतळ जवळ असल्यामुळे तिकडची माणसं तिथे येतात, आणि सकाळी उशिरापर्यंत नाश्ता मिळतो. शनिवारी बाबांना मेट्रोने मरोळ नाक्याला उतरवलं आणि हात धरून नेलं.

मेनूकार्ड इंग्रजीत होतं. बाबांनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. "ही काँजी म्हणजे काय गो? कांजी कपड्यांक घालतत ना?"

तो पदार्थ काय आहे ते मला चांगलं माहीत होतं. मनात तोच धरून आले होते, फक्त त्याचं मराठी नाव तोंडातून काढायचं नाही असं ठरवलं होतं. मी म्हटलं, "सूप आहे बाबा. तांदूळ घातलेलं."

वाडगा आला. पांढरंशुभ्र, वाफाळतं, वर आल्याच्या बारीक काड्या आणि कांद्याची हिरवी पात. बाबांनी चमच्याने एकदा ढवळलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"ही पेज," ते म्हणाले.

झालं, वाट लागली, असं मनात म्हणत मी पर्स उचलली. पण बाबा उठले नाहीत. ते शेजारच्या टेबलाकडे बघत होते. तिथे विमान कंपनीच्या गणवेशात एक दणकट चिनी माणूस बसला होता. त्याच्यासमोर तोच वाडगा होता. तळलेल्या कणकेचा लांब तुकडा त्यात बुडवून तो खात होता, आणि मध्येच वाडगा दोन्ही हातांनी उचलून सरळ तोंडाला लावत होता.

"ह्यो आजारी आसा?" बाबांनी विचारलं.

"नाही हो. ड्युटीवर निघाला असेल. ते लोक रोज सकाळी हेच खातात."

"पेज पिवन इमान चालवता?"

"बहुतेक."

बाबांनी चमचा बाजूला ठेवला. दोन्ही हातांनी वाडगा उचलला, फुंकर मारली आणि ओरपायला लागले. सावकाश, थांबत थांबत. अर्धा संपल्यावर वाडगा खाली ठेवून तोंड पुसलं आणि टेबलाकडे बघत म्हणाले, "माझ्या बापाशीक आम्ही शेवटाक पेज भरवली. घरातल्या सगळ्यांनी, एकेक चमचो. चमचो घेवन माणसां येवक लागली काय माणसाक कळता, आपण चललंव."

मला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की काय सांगू. त्यांची भूक मेलेली नव्हती. चवही गेलेली नव्हती. ते घाबरले होते, आणि आम्ही प्रेमाने, पाळीपाळीने, त्यांना रोज आणखी घाबरवत होतो. बाबांनी उरलेली पेज संपवली आणि लोणचं मागितलं. मालकीणबाईंनी मोहरीच्या पाल्याचं आंबट लोणचं आणून ठेवलं. त्याला तेल नाही म्हणून बाबांनी नाक मुरडलं, पण तेही खाल्लं.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. आधी ती चिडली. "मी इतके दिवस करतेय ती गोड लागली नाही, आणि त्या चिन्यांची लागली?" मग मी आजोबांचं सांगितल्यावर ती खुर्ची ओढून बसली. ते आजारी असताना ती नवीन सून होती. एक चमचा तिनेही भरवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उकड्या तांदळाची पेज केली. वर आलं किसलं, कांद्याची पात चिरून घातली आणि वाडगा पलंगाकडे न नेता जेवणाच्या टेबलावर ठेवला. चमचा ठेवला नाही. बाबा स्वतः उठून आले, खुर्चीवर बसले आणि सगळी पेज प्यायले. त्यानंतर दोन वेळा, मग तीन वेळा. तपासणीला वजन थोडंसंच वाढलं होतं, पण डॉक्टरांनी नळीचा विषय काढला नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली.

त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या काकू चौकशीला आल्या. चेहरा आधीच पाडून आल्या होत्या. बेल वाजली तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. तसेच वाडगा हातात घेऊन त्यांनीच दार उघडलं.

"कसं आहे हो आता?" काकूंनी हळूच विचारलं. "पेज तरी जाते का पोटात?"

"पेज खंयची," बाबा म्हणाले. "चायनीज खातंय."