ढाणकीत शिवलेला कॉस्च्युम

मास्तर बायकांना पायांवरून ओळखत. चाळीस वर्षं त्यांनी ढाणकीतल्या बायकांचे कपडे शिवले, पण निम्म्या गिऱ्हाइकांचे चेहरे त्यांना सांगता आले नसते. दुकानाच्या पायरीवर कुणी चढलं की मान खालीच ठेवून म्हणायचे, "या वहिनी, तुमचे दोन ब्लाउज झाले, एकाचे हुक राह्यले." वहिनींनी नुसती चप्पल काढलेली असायची. मी एकदा मुद्दाम मैत्रिणीची चप्पल घालून गेले. मास्तरांनी क्षणभर चपलेकडे पाहिलं आणि म्हणाले, "चप्पल बदलली तरी अंगठा तोच हाय पोरी. बस."

बाईच्या अंगाला टेप लावणं त्यांना पटतच नसे. मापाचा जुना कपडा आणा, म्हणायचे. तो नसला तर पडद्यामागे आपा, म्हणजे त्यांच्या पत्नी, माप घ्यायच्या आणि आकडे बोलायच्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून लिहून घ्यायचे. दुपारच्या वेळी ते दुकान कसं निवांत असायचं! बाहेर कापसाच्या गाड्या, आत पायमशीनची एका लयीतली खडखड, आणि दारातून येणाऱ्या उन्हात तरंगणारे दोऱ्यांचे बारीक तुकडे. शाळा सुटली की मी तिथे जाऊन उगाच बसायची. अजूनही कधी लांब पोहत गेले, कानात पाणी भरलं आणि जगाचा आवाज बंद झाला, की मला ते दुकान दिसतं. मशीन चालू असतं, आणि कुणालाच कसली घाई नसते.

पोहायला मी शेतातल्या विहिरीत शिकले, पाठीला प्लॅस्टिकचा डबा बांधून, अंगात बाबांचा जुना शर्ट. पुढे अमरावतीला कॉलेजात गेले, तिथल्या पोहण्याच्या टाकीत सराव करू लागले, आणि कोकणातल्या समुद्रात दोन किलोमीटर पोहायच्या स्पर्धेसाठी माझं नाव गेलं. तिथे कॉस्च्युम लागणार होता. ऑनलाइन मागवलेला खांद्यावर काचला, म्हणून परत पाठवला. दुकानातलेही तसेच. माझे खांदे विहिरीने रुंद केलेले, ते कुणा कारखान्याला कुठून कळणार? माझ्या खांद्यांचा हिशेब फ्रॉकच्या वयापासून एकाच माणसाला ठाऊक होता. मी ताणणारं काळं कापड घेतलं आणि सुटीत ढाणकीला आले.

मोबाइलवरचा कॉस्च्युमचा फोटो पुढे केला तेव्हा मास्तरांनी झटकन मान फिरवली. "बाप्पा! इतकुसा?" मग मी आणलेलं कापड बोटांनी ताणून पाहू लागले. मी रडकुंडीला आले होते. आमच्या घरात बाबा गेल्यावर मोठेबाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा शब्द चाले, आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मास्तरांनी शेवटी विचारलं, "मांडीपाशी किती ठेवू? सरकारनं काही माप ठरवलं असंल ना?"

मला कुठे ठाऊक! पण मास्तर इंचांचा माणूस. त्यांनी ओळखीच्या एका वकिलांना गाठून विचारलं, समुद्रावर बाईनं घालायच्या कपड्याचं कायद्यात माप किती? वकील म्हणे आधी हसले, मग विचारात पडले. असं माप कुठेच लिहिलेलं नाही, म्हणाले. अश्लील वागून लोकांना त्रास दिला तर गुन्हा होतो. आता अश्लील कशाला म्हणायचं, ते ज्याचं त्याने. मास्तर दुकानात परत आले ते हैराण होऊन. "म्हंजे टेप लोकायच्या डोळ्यात हाय," ते म्हणाले. "आन् प्रत्येकाची येगळी. असं कुठं कापड बेततेत का?"

पण त्यांनी बेतलं. आपांनी पडद्यामागून आकडे सांगितले, पायाचा आकडा तर अगदी कुजबुजून. चार दिवसांनी कॉस्च्युम तयार झाला, आणि काय सांगू, त्याला खाली वीतभर झालर! तुझ्या आईले बरं वाटंल, म्हणाले. शिवाय उद्या अंग भरलं तर उसवता यावं म्हणून ब्लाउजला ठेवतात तशी प्रत्येक शिवणीत दोन बोटं जादा कापड. मी विहिरीत उडी मारली आणि ती झालर छत्रीसारखी उघडून माझ्या गळ्याशी आली. शिवणींत पाणी भरून मी सगळीकडून फुगले. हसता हसता नाकात पाणी गेलं. तशीच ओल्या केसांनी दुकानात गेले आणि सांगितलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पाण्यात कापड आडवं येते?" येतं, म्हटलं. "मंग काढून टाकू. आडवं येते ते कायले ठेवाचं?" आणि लगेच कात्री घेतली.

त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. शिवण घालताना मला विचारत राहिले. "त्याचा दुसरा काठ दिसत नाही म्हणतेत, खरं काय? मंग माणसानं पोहत जायाचं तरी कुठं?" मीही तोवर पाहिलेला नव्हताच, पण थापा मारायला काय जातं! मी सांगायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. पाय मात्र मशीनवर चालूच असत.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आम्ही मुली सरावाला किनाऱ्यावर गेलो. मी वरचा शर्ट काढला आणि शिट्टी वाजली. एक हवालदार वाळूतून धावत आले. "ओ मॅडम, बोर्ड वाचला नाय का?" बोर्डावर लिहिलं होतं, सभ्य पोशाखातच पाण्यात उतरावे. त्याच बोर्डाखाली पाचसहा बाप्ये नुसत्या चड्ड्यांवर वाळूत लोळत होते. माझे कान तापले. पण तोंडातून मास्तरच बोलले जणू. "साहेब, यात माप कुठं लिहिलंय? किती इंच म्हणजे सभ्य?" हवालदारांनी बोर्ड पुन्हा वाचला. खरंच वाचला बिचाऱ्यांनी, खालपर्यंत. मग म्हणाले, "तसं काय नाय. पण लोकं बघतात." मी म्हटलं, "मग बघणाऱ्यांना शिट्टी मारा." ते थोडं हसले आणि शिट्टी खिशात टाकून चड्डीवाल्यांकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मी पोहले. पाणी विहिरीसारखं थंड नव्हतं, टाकीसारखं गप्पही नव्हतं. ते मला उचलत होतं, ठेवत होतं, पुन्हा उचलत होतं. खांद्यावर कुठे काच नाही, कुठे ओढ नाही. अंगावर काही आहे हेच मी विसरले. हात मारता मारता वाटलं, हे संपूच नये. अकरावी आले, आणि इतका आनंद मला पुढे कुठल्याही पहिल्या नंबरनं दिला नाही.

फोटो माझ्याआधी ढाणकीला पोचला. मैत्रिणीने हौसेने टाकला, तो फिरत फिरत गावाच्या ग्रुपवर गेला. परतीच्या बसमध्ये मोठेबाबांचा फोन आला. "हे काय घालून फिरून राह्यली? कोणं शिवून देल्लं तुले हे?" आवाज इतका चढला होता की शेजारची मुलगी माझ्याकडे पाहायला लागली. हवालदाराला इंच विचारणारी मी! पण माझी बोबडी वळली. "ऑनलाइन मागवला," म्हटलं.

माझ्या मते त्या खोट्याने मास्तर वाचले होते. मोठेबाबा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत, तेही मी सोसलं. सुटीत दुकानात जायची तर काम कमी दिसायचं. लग्नसराईतही दोनचार ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म. विचारलं तर म्हणायचे, "डोळे गेले पोरी, आता कमीच घेतो." मी विश्वास ठेवला. मग मला नाशिकला नोकरी लागली. शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी समुद्राचं पाणी कसं होतं ते पुन्हा सांगायला लावलं. मी सांगत असताना डोळे मिटून बसले होते.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. मी आपांना भेटायला गेले. मशीनवर चादर टाकलेली होती. बोलता बोलता मी म्हटलं, शेवटी डोळ्यांनी दगा दिला ना त्यांना.

"डोळे?" आपा म्हणाल्या. "डोळे चांगले होते त्यायचे. गिऱ्हाईक तुटलं."

मग त्यांनी सांगितलं. मी बसमध्ये होते त्याच संध्याकाळी मोठेबाबा चारपाच जणांना घेऊन दुकानात आले होते. मी दुकानात सारखी जायची हे सगळ्यांनी पाहिलेलं. मोठेबाबा म्हणाले, "मास्तर, पोरगी ऑनलाइन म्हणते. तुम्ही फक्त नाही म्हणा, विषय संपला." आपा पडद्यामागे होत्या, आणि मनातल्या मनात म्हणत होत्या, म्हणा नाही, म्हणा एकदाचं.

"मंग?" मी विचारलं.

"मान वर केली त्यायनं," आपा म्हणाल्या. "तुह्या मोठेबाबाच्या डोळ्यात पाहून बोलले, 'पोर भ्याली असंल. तिले काही बोलू नका. शिलाई माझी हाय.'"