पहिले माप लाभाचे

चोऱ्यांचे तपास नोकरीत पुष्कळ केले आणि बहुतेक विसरलो. आष्टीकडच्या एका गावातली लोखंडी वजनांची चोरी मात्र अजून पाठ सोडत नाही.

सत्तरचे दशक नुकतेच लागले होते. मी नवा फौजदार, कुटुंब लांब, क्वार्टरमध्ये एकटा. किलोचा कायदा येऊन बरीच वर्षे झाली होती, पण खेड्यात धान्य अजून पायलीनेच मोजत. 'किलोत बरकत नाई,' हे ठरलेले उत्तर. त्या सुगीत वजनमापे निरीक्षकांनी गावातली जुनी मापे जप्त केली आणि एका व्यापाऱ्याने खळ्यावर काटा उभा केला. थोड्याच दिवसांत त्याची वजने गायब झाली.

व्यापारी तणतणत ठाण्यात आला. गुन्हा नोंदवून आम्ही गावात गेलो, तर सारे गाव मुके. शेवटी एक बाई हवालदाराजवळ हळूच बोलली.

"वरच्या इहिरीत पाहा. मी दुपारी धुनं घेऊन गेलती. झाडामागून आवाज आला, 'लाभ', अन् पान्यात धप्पकन काही पडलं. मंग 'दोन', पुन्हा धप्प."

"माणूस कोण होता?"

"मले नाई दिसला."

ती खोटे बोलते आहे हे कळायला फौजदार व्हावे लागत नाही.

धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, अशी आपल्याकडे रीत. हे चोरमहाशय वजने बुडवतानाही रीत सोडायला तयार नव्हते! पण तसे तर अख्खे गाव मोजते, धरायचे कोणाला?

गळ टाकून विहिरीतून वजने काढली. पंचनाम्यासाठी हवालदार मोठ्याने मोजू लागला, "एक..."

"अगा, काय मोजून राह्यला?" गर्दीतून चिडका आवाज आला. "लाभ म्हन! अन् लहानं वजन खालीच राह्यलं तुमचं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. बोलणारा गावचा मापारी होता. सुगीत खळ्याखळ्यावर धान्य मोजून देणारा, थकलेला, मागेपुढे कोणी नसलेला म्हातारा.

ठाण्यात त्याला आधी चहा दिला. मग विचारले, "बाबा, काऊन केलं?"

"साहेब, मापारी आल्याबिगर कोनी राशीले हात लावत नव्हतं. मी मोजाले बसलो का बायालेकरं भवती गोळा होत. जेवन त्याइच्याच घरी. यंदा काटा आला. सुगी सरली, पन एकानंही मले हाक नाई मारली."

मी कडक आवाजात पुढचा प्रश्न विचारणार होतो, त्याऐवजी त्याच्यापुढे आणखी एक चहा सरकवला. त्या क्वार्टरमध्ये मलाही कोण हाक मारत होते?

गुन्हा त्याने कबूल केला. कोर्टाने वय पाहून समज दिली आणि सोडले. पुढच्या बाजाराच्या दिवशी पाहतो तर म्हातारा ठाण्याच्या बाकावर हजर.

"बाबा, केस संपली तुमची."

"मालूम हाय. पन अजून काई इचारा ना, साहेब."

मी फाईल मिटली आणि विचारले, "मोजायला कोणी शिकवलं?" तो दुपारपर्यंत बोलत होता. नंतर दर बाजाराला येत राहिला, माझी बदली होईपर्यंत.

चोरीमागे हाव शोधायची, हे आम्हाला शिकवलेले. माणूस नुसता हाकेसाठीही गुन्हा करतो, हे मला त्या म्हाताऱ्याने शिकवले. आता निवृत्तीनंतर रोज फिरायला निघतो तेव्हा पाय आपोआप घराजवळच्या ठाण्याकडे वळतात. तिथला नवा फौजदार सलाम करतो आणि कामाला लागतो. त्याने एखादी जुनी केस विचारली, तर मी बाकावर बसायला तयार आहे.